काचेपलीकडचं पिल्लू आणि त्याची आई

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून पेट शॉपवाल्याला बाहेरून आणलेलं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू विकता येत नाही. कायद्याची अट अशी आहे: सहा महिन्यांहून लहान पिल्लू विकायचं असेल, तर ते विकणाऱ्याकडेच जन्मलेलं हवं आणि घेणाऱ्याला ते जन्मलं त्याच जागी, आईजवळ दाखवायला हवं. मधला दलाल बाद. या कायद्याला लोक ‘ल्यूसीचा कायदा’ म्हणतात. ल्यूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची कुत्री. २०१३ मध्ये वेल्समधल्या एका पपी फार्मवरून, म्हणजे विक्रीसाठी शेकड्याने पिल्लं काढणाऱ्या जागेवरून, तिची सुटका झाली, तेव्हा वेतामागून वेत काढून आणि पिंजऱ्यात बसून बसून तिचा कणा वाकला होता, अंगावरचे केस जागोजागी गेले होते. २०१६ मध्ये ती गेली. तिची पिल्लं मात्र कुठल्या ना कुठल्या घरात लाडाने वाढली असणार, आणि ती घरात आणणाऱ्यांना ल्यूसी कधी दिसलीच नसणार.

या अटीत किंमत विचारलेली नाही, वंशावळ विचारलेली नाही. फक्त ‘आई दाखवा’ एवढंच म्हटलंय. पिल्लू दोन दिवसांत आंघोळ घालून, केस विंचरून गोजिरवाणं करता येतं. आईचं तसं करता येत नाही. तिचे दात, तिची कातडी, तिची चाल आणि माणूस जवळ आला की ती काय करते, यात त्या जागेचा सगळा हिशेब दिसतो. म्हणूनच पपी फार्मवाले आई दाखवायची टाळाटाळ करतात, किंवा दुसरीच एखादी गुटगुटीत कुत्री आणून बसवतात. अलीकडेच व्यायलेल्या कुत्रीची आचळं भरलेली किंवा ओघळलेली दिसतात. सपाट पोटाची कुत्री ‘ही आई’ म्हणून पुढे केली, तर शंका घ्यायलाच हवी.

पेट शॉपमधून प्राणी विकत घेणं योग्य की अयोग्य, या वादात सहसा अशी वाटणी होते: पैसे मोजले की पाप, दत्तक घेतलं की पुण्य. मला ही वाटणी पटत नाही. तिच्यामुळे चांगल्या माणसांना उगाच अपराधी वाटतं आणि वाईट माणसांना ‘दत्तक’ या पाटीआड लपता येतं. माझ्या मते प्रत्येक प्राण्याबाबत दोन गोष्टी विचारायला हव्यात. हा आला कुठून, आणि त्याबद्दल उत्तर द्यायला कोण समोर उभं आहे? आणि उद्या जमलं नाही, तर त्याला परत घ्यायला कोण बांधील आहे? या दोन्हींची खरी उत्तरं मिळत असतील, तर पैसे दिले म्हणून काही बिघडत नाही. उत्तरं मिळत नसतील, तर कागदावर कोणताही शब्द छापलेला असो, व्यवहार वाईटच.

दुकानाला पिल्लं पुरतात कुठून?

हे समजून घ्यायला कुणाला खलनायक ठरवायची गरज नाही. साधं गणित आहे. कुत्रीची गर्भावस्था सुमारे ६३ दिवसांची. त्यानंतर पिल्लांनी किमान आठ आठवडे आईजवळ राहावं, असं पशुवैद्य सांगतात. मनापासून कुत्री सांभाळणाऱ्या ब्रीडरकडे (पैदास करणाऱ्याकडे) वर्षाला फार तर एक-दोन वेत होतात, आणि तीही प्रत्येक कुत्रीची नव्हेत. पिल्लू कुणाकडे जाणार ते आधीच ठरलेलं असतं. घेणाऱ्याला भेटायचं असतं, त्याच्या घरात कोण आहे, दिवसभर कुणी घरी असतं का, हे विचारायचं असतं. असा माणूस आपलं पिल्लू दुकानाच्या काचेमागे ठेवायला देईल का? त्याला ते कुणाच्या घरी गेलं हे कळणारच नाही, आणि बहुतेकांना तेवढंच सहन होत नाही.

दुकानाची गरज याच्या नेमकी उलट. त्याला बाराही महिने, वेगवेगळ्या जातींची, ठरावीक वयाची पिल्लं लागतात. ती सातत्याने पुरवणं फक्त त्याला जमतं जो शेकड्याने पिल्लं काढतो. मग ब्रीडरकडून दलाल, दलालाकडून गाडी, गाडीतून दुकान, अशी साखळी उभी राहते. साखळीच्या प्रत्येक कडीवर पिल्लाचा मागचा इतिहास थोडा थोडा गळत जातो. काउंटरवरचा माणूस खोटं बोलत असतो असंही नाही. त्याला अनेकदा खरंच माहीत नसतं.

आणि वेळ हातातून निसटत असते. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू पाहून लोक थांबतात. चार महिन्यांचं लांब पायांचं, दात येणारं पिल्लू पाहून पुढे जातात. म्हणून साखळीतल्या सगळ्यांनाच घाई असते, आणि घाईची किंमत पिल्लू मोजतं.

हे आठवडे इतके महत्त्वाचे का, हे विज्ञानाला साठहून जास्त वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट, जॉन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांच्या वाढीचा बारकाईने अभ्यास केला. १९६१ मध्ये तिथल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिल्लं कुंपणाच्या आत आईसोबत वाढवली, अन्नपाणी दिलं, पण माणसांशी ओळख वेगवेगळ्या वयात करून दिली. काही पिल्लांचा तर चौदा आठवडे माणसाशी संबंधच आला नाही. ती पिल्लं पुढे माणसाला पाहून रानटी जनावरासारखी बिथरत. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं पिल्लू ‘जगात काय काय असतं आणि त्यातलं कशाला घाबरायचं नाही’ हे शिकतं. मांजराच्या पिल्लाचा हा काळ आणखी छोटा, अंदाजे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. म्हणजे मांजराचं पिल्लू दुकानात पोहोचेपर्यंत ती खिडकी बहुधा बंदही झालेली असते.

आता हाच काळ जाळीच्या पिंजऱ्यात, मग गाडीत, मग काचेमागे गेला तर काय होतं, त्याचं एक उदाहरण जवळून पाहू. कुत्र्याचं पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की झोपायची जागा सोडून थोडं लांब जाऊन शी-शू करू लागतं. हे कुणी शिकवत नाही. पण पिंजरा इतका लहान असेल की लांब जायला जागाच नाही, तर पिल्लाला जिथे झोपायचं तिथेच करावं लागतं. चार-सहा आठवडे असं गेलं की ती उपजत स्वच्छता मोडते. पुढे घरी आणल्यावर ते आपल्याच अंथरुणात करतं, त्यात लोळतं, कधी खातंसुद्धा. घरचे वैतागतात, ‘ही जातच घाणेरडी’ म्हणतात. पिल्लाला कुणी घाण शिकवलेली नसते, फक्त स्वच्छ राहायला जागा दिलेली नसते.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध झाली. पेट शॉपमधून आणलेले ४१३ कुत्रे आणि छोट्या, बिगर-व्यापारी ब्रीडरकडून आणलेले ५,६५७ कुत्रे यांच्या वागण्याबद्दल मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. मोजलेल्या १४ बाबींपैकी १२ बाबींत दुकानातल्या कुत्र्यांचे गुण खराब आले. घरच्या माणसांवर आणि परक्यांवर गुरगुरणं, दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणं, एकटं राहिल्यावर सैरभैर होणं, घरात घाण करणं, हे सगळं त्यांच्यात जास्त. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. आईच्या पोटात असतानाचा ताण, आनुवंशिकता, प्रवास, लवकर झालेली ताटातूट, आणि दुकानातून घेणाऱ्या माणसांच्या सवयी, यातलं नेमकं काय किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण बारा बाबी एकाच दिशेला झुकतात तेव्हा तिकडे कानाडोळाही करता येत नाही.

आजाराचं एक प्रकरण मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. जानेवारी २०१६ ते फेब्रुवारी २०१८ या काळात अमेरिकेतल्या १८ राज्यांत ११८ लोक कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जिवाणूने आजारी पडले. जुलाब, ताप, पोटात मुरडा. तपासाचा धागा पेट शॉपमधल्या पिल्लांपर्यंत गेला. हा जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. कारण शोधताना १४९ पिल्लांच्या नोंदी तपासल्या, तर त्यातल्या १४२ पिल्लांना एकदा तरी प्रतिजैविकं दिलेली निघाली, आणि निम्म्याहून जास्त पिल्लांना तर आजार नसताना, केवळ ‘होऊ नये म्हणून’. गर्दी, प्रवास आणि ताण यांत जे पिल्लू आजारी पडणारच, त्याला निरोगी दिसत ठेवायचा हा मार्ग. आणि शेवटी उगम म्हणून एकही ब्रीडर नक्की करता आला नाही. पिल्लं वाटेत एकमेकांत मिसळली होती. माणसं आजारी पडली तरी ‘हे कुठून आलं’ याला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

‘मी त्याला तिथून सोडवलं’

हे वाक्य फार प्रेमळ माणसं म्हणतात, म्हणून त्याबद्दल जपून बोलायला हवं. दुकानात मलूल, डोळे चिकटलेलं पिल्लू दिसतं. घरी आणलं नाही तर ते मरेल, असं वाटतं. ते खरंही असेल. त्या एका पिल्लाच्या दृष्टीने पाहिलं तर विकत घेणारा देवासारखाच.

अडचण अशी की दुकानाच्या वहीत दया नोंदली जात नाही. तिथे ‘एक पिल्लू विकलं गेलं’ एवढीच नोंद होते, आणि रिकाम्या पिंजऱ्यासाठी पुढची मागणी जाते. कुठेतरी एक कुत्री पुन्हा गाभण राहते. आपण एका पिल्लाला बाहेर काढतो आणि दुसऱ्याच्या जन्माचे पैसे भरतो. शिवाय आजारी पिल्लूही विकलं जातं हे दुकानदाराला कळलं, की त्याच्यावर औषधपाण्याचा खर्च करायचं कारणही संपतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तिथून विकत घेऊ नये. फोटो काढावा, तारीख-वेळ लिहून ठेवावी, प्राणी-कल्याणाचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे किंवा संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा पाठपुरावा करावा. हे करताना पोटात तुटतं, हे मला कळतं. तरीही.

दुकानातलं दत्तकघर

अमेरिकेत १९९०च्या दशकापासून काही मोठ्या साखळी दुकानांनी वेगळी वाट धरली. कुत्री-मांजरं विकायची नाहीत, पण दुकानातली जागा शेल्टरला (बेघर प्राण्यांच्या निवाऱ्याला) किंवा बचाव संस्थेला द्यायची. प्राणी संस्थेचाच राहतो. अर्ज, चौकशी, करारपत्र आणि दत्तक-शुल्क हे सगळं संस्थेचं. दुकानाला त्या प्राण्याचे पैसे मिळत नाहीत. नव्या घरात जाताना लागणारं खाणं, पट्टा, भांडी यांची विक्री तेवढी होते.

‘म्हणजे हाही धंदाच’ असा आक्षेप घेतला जातो. धंदा आहेच, आणि मला त्यात वावगं दिसत नाही. फरक पैसा कशाच्या मागे धावतो यात आहे. पिल्लू विकून कमावणाऱ्याला आणखी पिल्लं जन्मायला हवी असतात. खाणं विकून कमावणाऱ्याला आधीच जन्मलेला प्राणी एखाद्या घरात पंधरा वर्षं सुखाने जगायला हवा असतो. दुसरी गरज प्राण्याच्या गरजेशी जुळते. शिवाय शेल्टर बहुधा गावाबाहेर, आडवाटेला, आणि तिथे जायचं म्हटलं की अनेकांचा जीव घाबरा होतो. दुकानात ते सहज येतात. जे लोक शेल्टरच्या दारात कधीच गेले नसते, त्यांना तिथे पाच वर्षांचं शांत मांजर भेटतं.

पण हे मांजर तिथे कसं असतं तेही पाहावं. दुकानात दिवे लख्ख, दारातून कुत्रे ये-जा करतात, मुलं काचेवर टकटक करतात. लपायला जागा नसलेलं मांजर अनेकदा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन अंग चोरून बसतं, कारण तीच एक कडा असलेली वस्तू असते. लोकांना वाटतं, झोपलंय. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरांवर एक साधा प्रयोग केला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांत लक्षणीय लवकर उतरला. पुठ्ठ्याच्या खोक्याला किती खर्च येतो? तरी ‘मग गिऱ्हाइकाला मांजर दिसणार नाही’ म्हणून ते ठेवलं जात नाही, असं बरेचदा होतं. दत्तकघर चांगलं आहे की नुसतं दाखवायचं, हे ओळखायला मी आधी खोकं आहे का ते बघेन.

घाईत निर्णय होतात, हा दुसरा आक्षेप. दूध आणायला गेलेला माणूस मांजर घेऊन आला, असं नको. फ्रान्सने यावर थेट उपाय काढला. ३० नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने तिथे कुत्रं-मांजर घेण्याआधी माहिती-पत्रकावर सही करावी लागते आणि सही केल्यावर सात दिवस थांबावं लागतं. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या पेट शॉपमध्ये कुत्र्या-मांजरांची विक्रीही बंद झाली, शेल्टरच्या साथीने त्यांची ओळख करून द्यायला मात्र मुभा राहिली. मला सात दिवसांची कल्पना आवडते. त्याच वेळी, आपल्या अंदाजाला धक्का देणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी: भेट म्हणून मिळालेले किंवा शुल्क माफ करून दिलेले प्राणी लोक जास्त सोडून देतात, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. २००९ मध्ये प्रौढ मांजरांबाबत हे तपासलं, तेव्हा फुकट घेणाऱ्यांचा आणि शुल्क भरणाऱ्यांचा जिव्हाळा सारखाच आढळला. म्हणजे किंमत वाढवून माणसाची पारख होत नाही. ती दहा मिनिटं बसून बोलल्याने होते.

‘दत्तक’ या पाटीआड

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१९ पासून पेट शॉपना फक्त शेल्टर किंवा बचाव संस्थेकडून आलेली कुत्री, मांजरं आणि ससेच विकता येतील, असं ठरवलं. हेतू उत्तम. पण ‘विकता येतील’ हा शब्द उरला होता, आणि त्यातून वाट निघाली. ब्रीडरकडची पिल्लं एका कागदी ‘बचाव संस्थे’च्या नावावर फिरवायची आणि दुकानात ‘रेस्क्यू’ म्हणून भरमसाट शुल्काला द्यायची. २०१९ मध्ये आयोवा राज्याच्या अॅटर्नी जनरलनी (मुख्य सरकारी वकिलांनी) अशाच प्रकरणात खटला भरला. शेवटी कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१ पासून नियम घट्ट केला: दुकानाने हे प्राणी विकायचेच नाहीत, फक्त संस्थेला जागा द्यायची, त्याबद्दल पैसे घ्यायचे नाहीत, आणि शुल्कालाही कमाल मर्यादा.

अशी फसवणूक ओळखणं फार अवघड नाही. खऱ्या शेल्टरमध्ये सगळ्या वयांचे प्राणी असतात. म्हातारे, लंगडे, संकरित, एका डोळ्याचे. ज्या ‘संस्थे’कडे कायम आठ आठवड्यांची, मागणी असलेल्या जातींचीच पिल्लं असतात, तिच्याकडे ती कुठून येतात हे विचारावं.

प्रामाणिक संस्थाही चुकतात. २०१८ मध्ये अमेरिकी पत्रकारांनी उघड केलं, की काही बचाव गट ब्रीडरांच्या लिलावात जाऊन बोली लावत होते आणि त्यात लाखो डॉलर ओतत होते. त्यांना वाटत होतं आपण सोडवतोय. लिलाववाल्यांना एक खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं होतं. ‘मी त्याला तिथून सोडवलं’ यामागचा पेच संस्थांनाही सुटत नाही, तो असा. दुसऱ्या टोकाला अशा संस्था आहेत ज्यांचा अर्ज वाचूनच माणूस परत फिरतो: भाड्याचं घर असेल तर नाही, नोकरी असेल तर नाही, घरात लहान मूल असेल तर नाही. नकार मिळालेली ही माणसं प्राणी घ्यायचा विचार सोडत नाहीत. ती ऑनलाइन जाहिरातीतून, कुठल्याशा पार्किंगमध्ये, कुणालाही न विचारता पिल्लू घेतात. आणि चावरा इतिहास असलेल्या कुत्र्याला ‘थोडा लाजाळू आहे’ म्हणून गळ्यात मारणं, ही तर मी दुकानदाराच्या खोट्याइतकीच मोठी चूक मानतो. त्यात माणूसही दुखावतो आणि कुत्राही.

शेजारच्या रॅकवर

हा वाद बहुतेक वेळा कुत्र्या-मांजरांपाशी थांबतो, आणि इथे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ वाटतं. ज्या दुकानात मांजरासाठी दोन पानी करारपत्र भरावं लागतं, त्याच दुकानात चार पावलांवर हॅमस्टर, पोपट, कासव आणि मासा एकही प्रश्न न विचारता पिशवीत घालून मिळतो.

डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात प्राणी पुरवणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर छापा पडला. सरडे, साप, बेडूक, कोळी, लहान सस्तन प्राणी मिळून २६,००० हून अधिक जीव तिथे होते. नंतर प्रसिद्ध झालेल्या तपशिलानुसार त्यांतले सुमारे ८० टक्के आजारी, जखमी किंवा मेलेले होते. कुत्र्यांबाबत असं काही उघडकीला आलं असतं तर गहजब झाला असता. स्वस्त प्राण्याचं मरण हिशेबात ‘घट’ म्हणून जातं, कारण त्याच्यावर उपचार करण्यापेक्षा नवा आणणं परवडतं.

लाल कानाचं कासव घ्या. दुकानात ते नाण्याएवढं असतं. नीट जगलं तर वीस-तीस वर्षं जगतं, मादीचं कवच २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतं, आणि त्याला भलंमोठं टाकं, पाणी गाळायचं यंत्र आणि अतिनील दिवा लागतो. यातलं काहीच विकताना सांगितलं जात नाही. मग लोक ते तळ्यात सोडतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे, आणि त्यामागे हजारो घरांतले हे ‘सोडून दिलेले’ प्राणी आहेत. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली, पण तीही कासवाच्या भल्यासाठी नाही. मुलं ती तोंडात घालत आणि त्यांना साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होई.

सिरियन हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे. दुकानात तो चौघांबरोबर एका पेटीत असतो आणि ते एकमेकांना चावतात. गिनीपिग याच्या उलट, त्याला सोबत लागतेच. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत गिनीपिग एकटा ठेवायला बंदी केली. गोल्डफिश काचेच्या गोल भांड्यात वर्षभरात मरतो म्हणून तो ‘अल्पायुषी’ समजला जातो. खरं तर त्याचं आयुष्य दहा-वीस वर्षांचं असतं.

विकणं म्हणजे वाईट, असं सरसकट म्हणायला मी का धजत नाही, त्याचं कारणही माशांमध्येच आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे पैदास केंद्रात वाढतात, समुद्रातले बहुतेक जंगली पकडलेले असतात, आणि काही ठिकाणी त्यासाठी प्रवाळात सायनाइड फवारलं जातं. तेव्हा ‘जंगलातून पकडलेला’ म्हणजे वाईटच, असं वाटतं. पण ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठी बार्सेलोस परिसरातली कुटुंबं कार्डिनल टेट्रा नावाचा छोटा लाल-निळा मासा हातजाळीने पकडून जगतात. पूर ओसरला की यातले असंख्य मासे तसेही मरतात. या माशावर पोट चालतं म्हणून तिथल्या लोकांना जंगल उभं राहायला हवं असतं. तिथे मासा विकत घेणं जंगलाच्या बाजूचं ठरू शकतं. कुणी पकडला, कसा पकडला, वाटेत किती मेले, हे विचारल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

घेण्याआधी, आणि घेतलं असेल तर

शेल्टर असो, ब्रीडर असो किंवा दुकान, मी तीन गोष्टी मागेन. आई किंवा निदान आधीचं ठिकाण पाहायला मिळावं. आजवरचे आजार, लस, औषधं आणि स्वभावातल्या अडचणी लेखी मिळाव्यात, कारण तोंडी सांगणं नंतर विसरलं जातं. आणि कधीही, कोणत्याही कारणाने परत घेऊ, हे कागदावर असावं. ही तिसरी अट ऐकून जो चुळबुळ करतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

ज्यांच्या घरी दुकानातून आणलेलं पिल्लू आधीच आहे, त्यांनी स्वतःला कोसत बसू नये. त्या पिल्लाचा यात काही दोष नाही आणि आता त्याला तुमची पूर्ण गरज आहे. पहिल्या आठवड्यातच पशुवैद्याकडे न्या आणि ते दुकानातून आलंय हे आवर्जून सांगा, म्हणजे शी तपासली जाईल आणि आधी दिलेली प्रतिजैविकं लक्षात घेतली जातील. त्याची शी उचलल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचेही. अंथरुणात घाण करत असेल तर ओरडू नका. झोपण्याची आणि शी-शूची जागा पूर्ण वेगळी करा, दर दोन तासांनी बाहेर न्या, बाहेर केलं की लगेच कौतुक करा. इतर पिल्लांपेक्षा वेळ जास्त लागेल, कधी कित्येक महिने. आणि दुकानाची पावती, लसीचं कार्ड, ब्रीडरचं नाव असलेला कोणताही चिटोरा फेकू नका. पिल्लू किंवा घरातलं कुणी आजारी पडलं, तर तपास करणाऱ्यांना मागचा माग काढायला तेवढाच कागद हाताशी असतो.